भंगारात काय घालू नये

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की कोकणातले घर जागे होते. मुंबईहून चाकरमानी यायचे असतात. माळा झाडायचा असतो. पडवीत वर्षभर साठलेले सामान बाहेर निघते. फुटकी बादली, गंजलेला पत्रा, जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या. आणि नेमकी त्याच वेळी रस्त्यावर हाळी येते, "भंगाऽऽर! लोखंड, पत्रा, प्लास्टिकऽऽ!"

रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत मागे असाच भंगारवाला आला. शेजारच्या आजींनी गोणभर सामान त्याच्यापुढे ओतले. त्यात एक पांढरा डबा होता. घट्ट झाकणाचा, धरायला कान असलेला. आजी म्हणाल्या, "हा चांगला आहे हो. याचे दोन रुपये जास्त दे."

भंगारवाल्याने झाकण काढले. डबा नाकाशी नेला आणि लगेच मान मागे घेतली.

"आजी, यात कलमांचं औषध होतं."

"असेल. पण आता रिकामा आहे ना?"

त्या घरची सून प्रौढांच्या वर्गाला जाते. तिने डबा हातात घेतला आणि वरच्या चिठ्ठीवरचे एक एक अक्षर ती लावू लागली. चिठ्ठी अर्धी फाटली होती. 'वि' लगेच लागला. 'ष' लागायला जरा वेळ लागला. मग ती काही बोलली नाही. तिने डबा खाली ठेवला आणि हात धुवायला न्हाणीकडे गेली.

भंगारवाला म्हणाला, "असे झाकणाचे डबे लोक माझ्याकडून मागून नेतात, वहिनी. पाणी न्यायला, तेल ठेवायला."

या डब्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी भंगाराविषयी थोडे बोलू.

भंगार देणे वाईट नाही. उलट ते चांगले काम आहे. जुना पत्रा वितळतो आणि त्याची नवी वस्तू होते. कागदाचा पुठ्ठा होतो. प्लास्टिकचे तुकडे करतात, धुतात, वितळवतात आणि त्याचे दाणे करतात. त्या दाण्यांतून पुन्हा बादल्या, पाइप निघतात. जी वस्तू पऱ्यात पडून राहिली असती ती कामाला लागते. वर आपल्याला चार पैसे मिळतात.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या लोकांनी १९९३ साली आपली संघटना उभी केली. बाबा आढाव यांचा त्यांना आधार होता. संघटनेचे नाव ठेवले 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. नाव फार नेमके आहे. भंगारात काय घालावे ते त्या नावातच आले. कागद, काच, पत्रा. आणि ते कोणाच्या हातात जाते तेही आले. कष्टकऱ्याच्या.

ही हाताची गोष्ट आपण विसरतो. आपण डबा दिला, पैसे घेतले, की आपल्यापुरते काम संपले. पण भंगाराचे काम तिथे सुरू होते. भंगारवाला आपली गाडी दुकानावर नेतो. तिथे सगळे जमिनीवर ओततात. दोन-चार बायका, एखादा पोरगा, उकिडवे बसून ते निवडतात. प्लास्टिक इकडे, काच तिकडे, पत्रा पलीकडे. कोणी हातोडीने पत्रा चेपतो. कोणी वायर जाळून आतले तांबे काढतो. हातात मोजे असतीलच असे नाही. बहुतेक वेळा नसतातच. निवडलेला माल मग ट्रकात चढतो आणि घाट ओलांडून किंवा मुंबईच्या वाटेने दूर जातो. तिथे पुन्हा कोणाचे तरी हात लागतात.

आणि आत काय आहे हे या हातांना कळत नाही. याची एक मोठी गोष्ट दिल्लीत घडली. दिल्ली विद्यापीठात एक जुने यंत्र होते. १९८५ पासून ते कोणी वापरत नव्हते. २०१० साली लिलावात ते भंगारवाल्यांना विकले गेले. मायापुरी नावाचा तिथे मोठा भंगार बाजार आहे. तिथल्या कामगारांनी यंत्र फोडले. आत कोबाल्ट नावाच्या धातूचे तुकडे होते. ते दिसायला साधे, पण त्यांतून डोळ्यांना न दिसणारे घातक किरण निघत होते. कामगारांना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या अंगावर फोड आले, केस गळले. कित्येकांना इस्पितळात ठेवावे लागले आणि एक जण दगावला.

आपल्या घरात असले यंत्र नसते, हे खरे. पण 'आत काय आहे ते देणाऱ्याने सांगितले नाही' ही चूक आपल्या खळ्यातही होते. ती कोणत्या वस्तूंच्या बाबतीत होते ते आता पाहू. आमच्या जिल्ह्यात पहिला मान कलमांच्या औषधाचा.

रत्नागिरी म्हणजे हापूस. मोहोर आला की त्यावर तुडतुडा येतो, फुलकिडे येतात. मग फवारणी आली. कधी कोणते औषध किती मारायचे हे दापोलीचे कृषी विद्यापीठ सांगते. पण फवारणी झाल्यावर रिकाम्या बाटलीचे काय करायचे, हे विचारायला कोणी जात नाही. बाटली गडग्याला पडते. नाहीतर मांगरात राहते. बागेत राहणाऱ्या रखवालदाराला चांगल्या झाकणाची बाटली दिसते. तो बिचारा ती धुतो आणि तीत तेल भरतो. नाहीतर ती भंगारात जाते.

आता नीट ऐका. औषधाची बाटली रिकामी दिसते, पण रिकामी नसते. तळाशी, मानेशी, झाकणाच्या आट्यांत औषध राहते. थोडे तर प्लास्टिकमध्येच मुरते. घरी राखेने, साबणाने घासून ते पूर्ण जात नाही. म्हणून औषधाच्या बाटलीत पुन्हा काही ठेवायचे नाही. पाणी नाही, तेल नाही, बियाणेही नाही.

औषध किती जहाल आहे हे बाटलीवरच सांगितलेले असते. चिठ्ठीवर एक चौकोन असतो. पतंगासारखा, टोकावर उभा. त्याचे वर-खाली असे दोन त्रिकोण पाडलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल असेल तर सगळ्यात जहाल. त्याच्या वर कवटी आणि दोन हाडे काढलेली असतात. त्याखालोखाल पिवळा. मग निळा. मग हिरवा. हिरवा दिसला म्हणून कोणी ते पाल्याचे औषध समजू नये. हिरवा म्हणजे इतरांपेक्षा सौम्य, एवढेच. पोटात गेले तर तेही बाधते. हा मजकूर हिंदी, इंग्रजी आणि त्या त्या भागातल्या भाषेत छापला पाहिजे असा नियम आहे. तेव्हा औषध घेताना चिठ्ठी पाहून घ्या. दुकानदार घाई करील. त्याला करू द्या. अक्षर लावायला आपल्याला वेळ लागला तर लागला.

बाटलीचे काय करायचे तेही कायद्यात लिहिलेले आहे. १९७१ सालचे कीटकनाशकांचे नियम आहेत. ते म्हणतात की वापरलेली बाटली उघड्यावर टाकू नये, म्हणजे ती पुन्हा कोणी वापरणार नाही. ती फोडावी आणि वस्तीपासून लांब पुरावी. हा नियम होऊन पन्नास वर्षांवर काळ गेला. तरी गडग्यागडग्याला बाटल्या दिसतात, ही लाजेची गोष्ट आहे.

कसे करायचे ते सांगतो. औषध पंपात ओतून झाले की बाटलीत पाव भाग पाणी घाला. झाकण लावा. चांगली खळखळा. ते पाणी पंपातच ओता. असे तीन वेळा करा. यात दोन फायदे आहेत. पहिला असा की पैसे देऊन आणलेले औषध वाया जात नाही, कलमावरच जाते. दुसरा असा की ते पाणी पऱ्यात ओतावे लागत नाही. आपल्याकडे पऱ्यावर पंप धुण्याची खोड फार आहे. खालच्या वाडीची गुरे त्याच पऱ्याचे पाणी पितात. तिसऱ्यांदा खळखळली की बाटलीच्या बुडाला खिळ्याने दोन-तीन भोके पाडा. भोके पडली की तीत कोणी तेल भरणार नाही.

मग पुरणे. इथे कोकणात एक अडचण आहे. आपली जमीन जांभ्याची. जांभा दगड कसा असतो? मधाच्या पोळ्यासारखा, भोकाभोकांचा. आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. वर जे पुराल ते पाण्याबरोबर झिरपत खाली उतरते आणि खाली कोणाची तरी विहीर असते. सड्यावर पुरले म्हणजे लांब पुरले असे होत नाही. म्हणून मला विचाराल तर घाईने खड्डा खणू नका. भोके पाडलेल्या बाटल्या एका गोणीत भरा. गोण मांगरात उंच टांगा आणि मांगराला कुलूप लावा. औषधाच्या दुकानदाराला विचारा, कृषी सहायकाला विचारा, की कंपनी बाटल्या परत घेते का. एकट्याने विचारले तर उडवून लावतील. सगळ्या वाडीच्या गोणी एका ठिकाणी जमवून विचारले तर ऐकावे लागेल. पुरण्याशिवाय इलाजच नसेल तर विहीर, झरा, पऱ्या यांच्या वरच्या अंगाला कधी पुरू नका. आणि जाळू तर मुळीच नका. तो धूर आपल्याच छातीत जातो.

जुन्या मांगरात कधी कधी पंधरा-वीस वर्षांपूर्वीची बाटली निघते. अर्धी भरलेली. ती तर फारच जपून ठेवा. एंडोसल्फान नावाचे औषध होते. केरळात काजूच्या बागांवर ते हेलिकॉप्टरमधून फवारले आणि तिथली माणसे पिढीभर भोगत राहिली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. असली बाटली आढळली तर उघडू नका, ओतू नका, भंगारवाल्याला तर देऊच नका. कृषी खात्याच्या माणसाला दाखवा.

आणि कोणाच्या चुकून पोटात गेलेच तर? मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. दूध, तूप, ताक काही पाजत बसू नका. माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्या आणि बाटली बरोबर न्या. बाटलीवरचे नाव वाचून डॉक्टरला उतारा ठरवता येतो. बाटली नसेल तर त्याला अंधारात चाचपडावे लागते. औषध अंगावर सांडले असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवा.

औषधावर इतका वेळ घेतला, कारण ते आपल्याकडे घरोघर आहे. आता बॅटरीकडे वळू.

होडीवर बॅटरी असते. ट्रॅक्टरला, जीपला असते. वीज जाते म्हणून हल्ली पुष्कळ घरांत इन्व्हर्टरची बॅटरी असते. ही जड काळी पेटी. तिच्यात शिशाचे पत्रे आणि गंधकाचे ॲसिड असते. भंगारात तिला चांगला भाव येतो, शिशासाठी. म्हणून तिचा मोह पडतो. काही ठिकाणी पेटी कुऱ्हाडीने फोडतात, ॲसिड गटारात ओततात आणि शिसे उघड्या भट्टीवर वितळवतात.

शिसे हे गुपचूप मारणारे विष आहे. त्याला वास नाही, चव नाही. त्याची धूळ हाताला लागते, हातातून तोंडात जाते. मोठ्या माणसाला त्रास होतोच. पण लहान मुलाच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते. किती शिसे पोटात गेले तर चालेल? मुलासाठी काहीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आफ्रिकेत सेनेगल नावाचा देश आहे. त्याची राजधानी डकार. तिच्याजवळ थियारोये ही समुद्रकाठची वस्ती आहे. आपल्या मिरकरवाड्यासारखीच, पाण्याला लागून. तिथे वर्षानुवर्षे जुन्या बॅटऱ्या फोडायचे काम चालले होते. शिशाचे कण वाळूत मिसळले होते. मग शिशाचा भाव वाढला. बायका वाळू चाळून शिसे गोळा करू लागल्या. शिशाची माती पोत्यात भरून घरात आणू लागल्या. पोरे तिथेच खेळत. २००७ चा नोव्हेंबर ते २००८ चा मार्च, एवढ्या काळात त्या वस्तीत अठरा मुले दगावली. आधी कोणाला कारणच कळेना. तपास झाला तेव्हा मुलांच्या आयांच्या, भावंडांच्या रक्तात शिसे सापडले.

चार पैसे मिळावेत म्हणून त्या बायका वाळू चाळत होत्या. त्यांना नावे ठेवू नयेत. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

म्हणून जुनी बॅटरी न फोडता, सरळ उभी ठेवून, नवी जिथे घेतो त्या दुकानात द्यावी. दुकानदार जुनीचे पैसे नवीच्या किमतीत वळते करतो. जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. मच्छीमार बंधूंना एक वेगळी विनंती आहे. जाळ्याला आपण शिसे लावतो. ते विकत घ्या. घरच्या चुलीवर शिसे वितळवू नका. चुलीशेजारी मूल बसलेले असते.

लहान सेलांची गोष्ट वेगळी. विजेरीचे सेल आगीत टाकू नयेत, ते फुटतात. मोबाईलमधला चपटा सेल हा त्याहून अवघड जिन्नस. तो चेपला, वाकला किंवा त्याला खिळा लागला की आतल्या आत तापतो आणि भडकतो. कचऱ्याच्या गाड्यांना, भंगाराच्या गोदामांना अशा सेलांनी आगी लागल्या आहेत. आजूबाजूला सगळा कागद आणि प्लास्टिक. मग काय विझते! मोबाईलचा सेल फुगलेला दिसला तर तो दाबू नका. चार्जिंगला लावू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात नेऊन द्या. घड्याळातला, खेळण्यातला चकचकीत बटणासारखा सेल मुलाने गिळला तर मात्र घरी वाट पाहू नका. दोन तासांत तो अन्ननलिका जाळू लागतो. हातातले काम टाकून इस्पितळ गाठा.

आता काचेकडे. काच भंगारात चालते, असे वर म्हटले. पण सगळी काच सारखी नसते. लांब ट्यूब आणि वळणावळणाचा पांढरा दिवा, ज्याला सी.एफ.एल. म्हणतात, यांच्यात थोडासा पारा असतो. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये त्याहून पुष्कळ जास्त, साधारण एक ग्रॅम. काच फुटली की पारा हवेत उडतो. श्वासावाटे आत जातो. पारा किती वाईट, याचा धडा जपानने घेतला आहे. तिथल्या मिनामाता गावी एक कारखाना पाऱ्याचे पाणी खाडीत सोडत होता. मासे ते विष घेत. माणसे मासे खात. लोकांचे हातपाय वाकडे होऊ लागले. १९५६ साली त्या रोगाची पहिली नोंद झाली. घरातल्या एका दिव्याने असे होणार नाही, घाबरू नका. पण भंगाराच्या दुकानात रोज अशा दहा ट्यूबा फोडणाऱ्या पोराचा विचार करा.

दिवा घरात फुटला तर दारे-खिडक्या उघडा आणि पोराबाळांसकट दहा-पंधरा मिनिटे बाहेर जा. नंतर तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपा आणि सगळे झाकणाच्या बरणीत भरा. झाडू लावू नका. झाडूने पारा विखुरतो. हल्लीचे एल.ई.डी. दिवे बिनपाऱ्याचे असतात. एवढी तरी सोय झाली आहे.

सुयांचे तर सांगायलाच नको. साखरेचा आजार गावागावांत पोचला आहे. घरी इन्सुलिनचे इंजेक्शन घेणारे पुष्कळ आहेत. वापरलेली सुई पिशवीत घालून कचऱ्यात टाकतात. निवडणाऱ्या बाईचा हात पिशवीत जातो आणि सुई बोटात शिरते. त्या सुईवाटे कावीळ होऊ शकते, एड्सची लागण होऊ शकते. ती बाई पुढे कित्येक महिने भीतीत काढते. सुया जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत जमवा. फिनेलची रिकामी बाटली त्याला चांगली. तीवर मोठ्या अक्षरांत लिहा, 'सुया'. बाटली भरली की आरोग्य उपकेंद्रात नेऊन विचारा. तारीख उलटलेल्या गोळ्याही तिथेच विचारून द्याव्यात. त्या मोरीत, पऱ्यात टाकू नयेत.

उंदराच्या औषधाविषयी दोनच शब्द. त्याची एक ट्यूब मिळते, अगदी दातांच्या पेस्टसारखी. आत पिवळा फॉस्फरस असतो. तो यकृत निकामी करतो आणि त्याला हमखास उतारा नाही. सुरुवातीला माणूस बरा वाटतो, मग दोन-तीन दिवसांनी ढासळतो. असली ट्यूब रिकामी म्हणून भंगारात टाकली आणि ती पोराच्या हाती लागली तर काय होईल ते मी लिहीत नाही.

फवाऱ्याचे पत्र्याचे डबे, मग ते डासांचे असोत की सुवासाचे, चेपू नयेत आणि आगीजवळ टाकू नयेत. ते फटाक्यासारखे उडतात. न उडालेले फटाकेही भंगारातल्या कागदात घालू नयेत. आधी बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवा.

न्हाणी-संडास धुवायच्या ॲसिडची बाटली आणि विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर, जिला ग्रामपंचायतीत टी.सी.एल. म्हणतात, ही दोन्ही एका गोणीत कधी घालू नका. दोघांची गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांना मारायला हाच वायू सोडला होता. गोण टेम्पोत हेलकावे खाणार, झाकणे सैल होणार. बंद टेम्पोत बसलेल्या माणसाने काय करावे?

आता विचाराल, भंगारात घालायचे नाही तर ठेवायचे कुठे? आणि द्यायचे कोणाला?

२०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम केले. त्यांत घरातल्या कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले. ओला, सुका आणि घातक. १ एप्रिल २०२६ पासून नवे नियम आले. त्यांत चार भाग आहेत. ओला, सुका, वापरलेले पॅड आणि बाळाचे लंगोट असा एक भाग, आणि चौथा खास जपून हाताळायचा. रंगाचे डबे, दिवे, पाऱ्याचे थर्मामीटर, औषधे ही सगळी या चौथ्या भागात येतात. ती ठरवून दिलेल्या केंद्रावर द्यायची किंवा नेमलेल्या माणसाने येऊन न्यायची.

नियम चांगले आहेत. पण आमच्या वाडीपर्यंत घंटागाडीच येत नाही, तिथे चौथा डबा कोण नेणार? हे खरे दुखणे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. शहरातल्या माणसाला चार डबे दाराशी ठेवता येतात. खेड्यात आपल्यालाच वाट काढावी लागते. ग्रामसभेत उठून विचारा. 'चौथ्या भागाचा कचरा आपल्या गावाने कुठे द्यायचा? तालुक्याला केंद्र कुठे आहे? वर्षातून दोनदा तरी गाडी येईल का?' प्रश्न कागदावर लिहून द्या, सही करा आणि पोच घ्या. तोंडी विचारलेले हवेत जाते. लिहिलेल्याला उत्तर द्यावे लागते.

तोवर घरात एक डबा करा. पत्र्याचा, झाकणाचा. पोरांच्या हाताला येणार नाही इतका उंच ठेवा. सुयांची बाटली, दिव्याची बरणी त्यात. कलमांची औषधे मात्र या डब्यात नकोत, त्यांची जागा मांगरात. डब्यावर लिहा. भंगारवाल्याला वाचता येत नसेल म्हणून लाल रंगाचा मोठा ठिपकाही काढा. पुण्यात वापरलेले पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची रीत सुरू झाली, कचरा निवडणाऱ्या बायकांना न उघडताच कळावे म्हणून. ठिपका काढायला खर्च नाही.

आता तो पांढरा डबा.

आजी त्या दिवशी जरा रागावल्या. दोन रुपये गेले, ते गेलेच. वर सून म्हणाली, "आत्याबाई, माळ्यावरचे आणखी तीन पण काढा." त्यांतल्या एका डब्यात आजी गेली चार वर्षे कुळथाचे बियाणे ठेवीत होत्या. सुनेने ते बियाणे खाण्यात जाऊ नये म्हणून वेगळे बांधले. भंगारवाल्याने बाकीचा माल तोलला, पैसे दिले आणि तो गेला. चारही डब्यांना मुलाने खिळ्याने भोके पाडली. ते गोणीत घालून मांगराच्या वाशाला टांगले. सुनेने कोळशाने मांगराच्या दारावर लिहिले, 'विष. हात लावू नये.' ष जरा तिरका आला होता.

पुढच्या गणपतीला तोच भंगारवाला आला. त्याने दारावरची अक्षरे पाहिली. थोडा वेळ उभा राहिला. मग टेम्पोतून एक चौकोनी पत्र्याचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, माल निवडताना सुया, सेल सापडतात, ते मी आता यात टाकतो. माझी पोरं दुकानातच खेळतात. यावर पण तसंच लिहून द्या ना."